घोडा, चाप आणि चौकट : ‘१ए१’ रायफलीच्या मापांचा इतिहास

१९६२ च्या युद्धात बहुसंख्य भारतीय जवानांच्या हाती .३०३ ली-एन्फिल्ड होती. प्रत्येक गोळीनंतर तिचा बोल्ट हाताने मागेपुढे करावा लागे. पुढल्याच वर्षी ईशापूरच्या कारखान्यात ७.६२ मिलिमीटरची ‘१ए१’ घडू लागली. सैन्यात ती ‘एसएलआर’, म्हणजेच सेल्फ लोडिंग रायफल, म्हणून रुळली. गोळी सुटताच वायूचा दाब बोल्ट मागे ढकलतो, रिकामे काडतूस बाहेर पडते, नवे आत बसते. मात्र पुढच्या गोळीसाठी चाप सोडून पुन्हा ओढावा लागतो. चाप, हॅमर आणि हॅमरला अडवून धरणारा सिअर ज्या धातूच्या चौकटीत राहतात, ती ट्रिगर हाउसिंग.

या चौकटीला एकच सर्वमान्य नाव कधीच नव्हते. ब्रिटिश परंपरेत ती ‘ट्रिगर मेकॅनिझम हाउसिंग’ आणि तिच्यावरचा भाग ‘बॉडी’. अमेरिकी वळणाच्या लेखनात तेच दोन ‘लोअर’ आणि ‘अप्पर रिसीव्हर’. मराठीची तऱ्हा तर निराळीच. ‘घोडा दाबला’ असे आपण सहज म्हणतो, पण बोट असते चापावर. घोडा हा वस्तुतः आघात करणारा भाग. बोलण्यात हे खपून जाते, शस्त्रभांडाराच्या नोंदवहीत नाही.

नावे एक केली तरी प्रश्न सुटत नाही. या रायफलीचे मूळ बेल्जियमच्या एफएन कारखान्याची ‘एफएएल’. तिचे आराखडे मेट्रिक मापांत होते. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांनी ते इंचांत नव्याने काढले आणि काही भागांची घडणही बदलली. इंच पद्धतीच्या मॅगझिनला पुढे मोठा उंचवटा असतो, म्हणून ते मेट्रिक रायफलीत बसत नाही. मेट्रिक मॅगझिन इंच रायफलीत बहुधा बसते, पण सैल. तेव्हा ‘बसणे’, ‘चालणे’ आणि ‘अदलाबदल करता येणे’ हे तीन शब्द वेगळेच ठेवावे लागतात. चौकट बॉडीवर बिनतक्रार बसली, पण हॅमर आणि सिअर यांची पकड चुकली, तर गोळी सुटणार नाही. किंवा कोणी चाप न ओढताच सुटेल.

भारताने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत स्वीकारली होती. परदेशी रायफलींचे नमुने पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेत, म्हणजे ‘एआरडीई’त, सुटे करून तपासले गेले आणि आराखडे स्वतंत्रपणे तयार झाले. परवान्याचा वाद एफएनशी तडजोड होऊन मिटला. मापांचा मात्र तसा मिटला नाही. ‘१ए१’ दिसायला ब्रिटिश रायफलीची बहीण, पण तिचे सगळे सुटे भाग ना इंच घराण्याशी जुळत, ना मेट्रिक घराण्याशी. ‘एसएलआर’ हे एकच नाव ब्रिटिश आणि भारतीय अशा दोन्ही रायफलींना लागू होते. त्या नावावरून सुटा भाग मागवणे म्हणजे केवळ आडनावावरून माणूस शोधण्यासारखेच.

एका ठिकाणी मात्र जुन्याशी नाते टिकले. ‘१ए१’च्या लाकडी दस्त्याच्या टोकाला पट्टी लावली ती ली-एन्फिल्डचीच. तिच्यातले झाकण उघडले की आत तेलाची बाटली आणि नळी साफ करण्याची दोरी, पूर्वी होती तशीच.