मेजावरची सभ्यता आणि दारावरची सभ्यता



ब्रिजसारख्या क्लबातल्या खेळाविषयी कामगार चळवळीतल्या माणसांनी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु वाटाघाटीच्या मेजाशी आमची हयात गेली आहे. परस्परविरुद्ध हिताची माणसे एका मेजाभोवती बसली म्हणजे त्यांनी कसे वागावे, हा आमचा नित्याचा प्रश्न आहे; आणि ब्रिजच्या शिष्टाचाराचा इतिहास म्हणजे याच प्रश्नाचा इतिहास होय.

प्रथम हे ध्यानी घ्यावे की, या खेळात शिष्टाचार ही वरची झालर नाही. चौघांपैकी समोरासमोरचे दोघे भिडू. प्रत्येकाच्या हाती तेरा पाने. भिडूच्या हातात काय आहे ते आपणांस दिसत नाही, आणि त्याला सांगण्यास भाषा काय? सात आकडे, चार रंग, नोट्रम्प, आणि पास, डबल, रिडबल. अवघे पंधरा शब्द! यापलीकडे एक भुवई उंचावली, 'पास' हा शब्द जरा नाराजीने उच्चारला, किंवा पान जोराने आपटले, तर तो सोळावा शब्द झाला. आणि तो प्रतिपक्षाच्या खिशातून चोरलेला असतो. विचार करण्यास वेळ घेणे हा अपराध नव्हे. परंतु भिडू थबकला यावरून काही ताडून आपण त्याचा लाभ उठवावा, हे नियमाला मान्य नाही. आपली पाळी येण्यापूर्वी हातातले पान वेगळे काढू नये, प्रतिस्पर्धी पान कोठून काढतो यावर डोळा ठेवू नये, चुकलेल्या भिडूला चारचौघांत बोल लावू नये, ही सारी सभ्यता याच एका न्यायातून निघाली आहे.

हे नियम एकाएकी आले नाहीत. ब्रिजचा पूर्वज व्हिस्ट. एडमंड हॉईल याने 1742 साली लंडनमध्ये व्हिस्टवर छोटे पुस्तक काढले, आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यातले ज्ञान छापील झाले. तथापि क्लबात भरवसा होता तो 'सद्गृहस्थाच्या शब्दा'वर. त्या शब्दाची किंमत 1837 साली उघडी पडली. लॉर्ड डी रॉस हे इंग्लंडच्या बॅरन मंडळींत अग्रमानाचे. ग्रॅहम्स क्लबात व्हिस्ट खेळताना ते पानांना खुणा करतात, पिसताना हातचलाखी करतात, असा आरोप झाला. त्यांनी बदनामीची फिर्याद लावली आणि ते हरले. साक्षींत निघाले ते याहून बोलके होते. काही सभासदांना पुष्कळ दिवसांपासून संशय होता. पण इतक्या मोठ्या माणसाला म्हणावे कसे, म्हणून ते गप्प होते. या गप्प बसण्यालाही तेव्हा सभ्यताच म्हणत असत! आमच्या मते ती सभ्यता नव्हे, ती भीड होय. आणि भीड नेहमी वरच्याच्या बाजूने पडते.

1864 साली लंडनच्या क्लबवाल्यांनी व्हिस्टचे नियम नव्याने बांधले. 1925 च्या शरद ऋतूत हॅरल्ड व्हँडरबिल्ट या अमेरिकन धनिकाने पनामा कालव्यातून जाणाऱ्या बोटीवर काँट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धती आजमावली. 1927 साली न्यूयॉर्कच्या व्हिस्ट क्लबाने तिचे नियम काढले आणि पुढे हा खेळ जगभर पसरला. आज कसे वागावे, काय बोलू नये, याची कलमे नियमपुस्तकातच असतात. कोणी म्हणतील, सभ्यता लिहावी लागली तेथेच ती मेली. आम्हांस उलट वाटते. अलिखित रीत घरातल्या मुलाला दुधाबरोबर मिळते. बाहेरून आलेला पदोपदी चुकतो आणि हसे करून घेतो. छापील रीत मात्र ज्याला अक्षर ओळखता येते त्या प्रत्येकाची होते. पुस्तके वाचून शिकलेल्यांना याची किंमत अधिक कळते.

अर्थात नुसत्या कलमांनीही भागले नाही. 1965 साली ब्युनोस आयरीसच्या जागतिक सामन्यात रीस आणि शापिरो या नामांकित ब्रिटिश जोडीवर बोटांच्या खुणांनी बदाम सांगितल्याचा आरोप आला. जागतिक संघटनेने त्यांना दोषी धरले. ब्रिटिश चौकशीने संशयाचा फायदा देऊन सोडले. 1975 साली बर्म्युडात भिडूंच्या मध्ये पडदे आले, म्हणजे चेहरा दिसू नये. त्याच सामन्यात इटलीच्या एका खेळाडूचे पाय मेजाखाली भिडूच्या पायांना लागताना आढळले, तेव्हा मेजाखाली छोटी मेजे मांडून पायही अडवावे लागले! मोठ्या स्पर्धांत तोंडी बोलही गेले. बोली छापलेल्या पत्त्यांची पेटी आली. पडद्याने डोळे झाकतात, पण मनात शिरलेली लबाडी झाकत नाही. तेथे अखेर माणसाचा स्वतःवरचा पहाराच हवा.

आता दारावरची गोष्ट. मेजावर इतकी नाजूक सभ्यता पाळणारी मंडळी दारात कशी वागत होती? अमेरिकेत काळ्या खेळाडूंना गोऱ्यांच्या ब्रिज संघटनेची दारे बंद होती. म्हणून 1932 साली त्यांनी आपली निराळी अमेरिकन ब्रिज असोसिएशन काढली, तेच पत्ते आणि तेच नियम घेऊन. वर्णावरून सभासदत्व नाकारू नये, असे त्या मोठ्या संघटनेच्या घटनेत यायला 1967 साल उजाडले. आमच्या मुंबईतही निवडक युरोपियन क्लबांत हिंदी माणसाला मज्जाव होता. दोघांनाही प्रवेश देणारा विलिंग्डन क्लब निघाला तो पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस. 'थँक यू, पार्टनर' असे प्रत्येक डावाला म्हणणाऱ्यांच्या दाराशी कातडीचा रंग तपासला जात होता!

म्हणून आम्ही म्हणतो, शिष्टाचाराची परीक्षा दोन ठिकाणी घ्यावी. मेजावर विचारावे, हा माणूस आपल्या हक्कापेक्षा अधिक तर घेत नाही ना? आणि दारात विचारावे, या मेजाशी बसण्याचा हक्क कोणाला नाकारला आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ब्रिजच्या खेळाडूंनी पुष्कळ कष्टाने नियमात बसवले, आणि त्यासाठी त्यांचे ऋण मानले पाहिजे. दुसऱ्याचे उत्तर मात्र क्लबांनी आपण होऊन क्वचितच दिले. ते बहुधा बाहेर उभ्या असलेल्यांनीच मागून घेतले आहे.