विधानपरिषद व विधानसभा, महाराष्ट्रातील

महाराष्ट्राच्या विधिमंडळाची अनुक्रमे वरिष्ठ व कनिष्ठ सभागृहे. १९३५ च्या कायद्याने मुंबई प्रांतात द्विगृही विधिमंडळ आले आणि जुलै १९३७ मध्ये दोन्ही सभागृहांची पहिली अधिवेशने पुण्यात भरली. विधानसभेत १७५ सदस्य, तर परिषदेत कमाल ३० होते. परिषदेचा मतदारवर्ग मालमत्ता, पद इ. निकषांमुळे अगदी मर्यादित असे. मतभेद झाल्यास बारा महिन्यांनंतर राज्यपाल संयुक्त बैठक बोलावू शकत. एवढ्या संख्याबळावर तेथे परिषदेचा टिकाव लागणे कठीणच होते; तिचे खरे शस्त्र वर्षभराचा विलंब हे होय.

१९५० च्या संविधानाने ते बोथट केले. राज्यात संयुक्त बैठकीची तरतूद नाही. सामान्य विधेयक परिषद प्रथम तीन महिने व विधानसभेने पुन्हा संमत केल्यावर एक महिना रोखू शकते. धनविधेयकासाठी १४ दिवसच मिळतात. मंत्रिमंडळही केवळ विधानसभेला जबाबदार असते. त्यामुळे बारामतीचे आमदार शरद पवार १८ जुलै १९७८ रोजी मुख्यमंत्री झाले, ते सत्तांतर विधानसभेतील बहुमतावरच ठरले.

तथापि परिषदेचा प्रभाव मतदानापुरता मोजता येत नाही. रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे १९६०–७८ या काळात परिषदेचे सभापती होते. १९७२ च्या दुष्काळातील कामांमागोमाग १९७७ मध्ये या योजनेचा कायदा झाला. बारामती व इंदापूर तालुक्यांतील, नीरा कालव्याच्या पाण्याला पारख्या जिराईत गावांच्या दृष्टीने हा कायदा मोलाचा होता. पुढे परिषद मुख्यमंत्र्यांचे प्रवेशद्वारही बनली : पृथ्वीराज चव्हाण (२०११) व उद्धव ठाकरे (२०२०) पदग्रहणानंतर तिचे सदस्य झाले.

परिषदेच्या ७८ जागांपैकी ३० विधानसभा सदस्य, २२ स्थानिक संस्था, प्रत्येकी ७ पदवीधर व शिक्षक निवडतात. १२ राज्यपालनियुक्त असतात. बारामती व इंदापूर नगरपरिषदांचे, तसेच पुणे जिल्हा परिषदेचे सदस्य स्थानिक संस्थांच्या मतदारसंघात मत देतात. २०२२ पासून राज्यातील बहुसंख्य स्थानिक संस्थांच्या निवडणुका काही वर्षे लांबल्या. मतदारच न उरल्याने या गटातील अनेक जागा मुदत संपताच रिक्त राहिल्या. विधानसभेचे कामकाज मात्र त्यामुळे अडले नाही.