टाइप-१ मधुमेह : रक्षकच जेव्हा उलटतात

मधुमेह म्हटला की पन्नाशीतला, पोट सुटलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. टाइप-१ मधुमेह मात्र बहुधा बालपणी वा तारुण्यात जडतो. गोड खाल्ल्याने तो होत नाही. त्यामुळे आई-वडिलांनी लाडाला दोष देण्यात अर्थ नाही. बिघाड असतो तो रोगप्रतिकार यंत्रणेत.

स्वादुपिंडात पेशींची बारीक बेटे विखुरलेली असतात. पॉल लँगरहान्स यांनी १८६९ मध्ये, विद्यार्थिदशेतच, त्यांचे वर्णन केले. या बेटांतील बीटा पेशी इन्शुलिन तयार करतात. विषाणूग्रस्त पेशींचा नाश करणाऱ्या टी पेशी या आजारात बीटा पेशींनाच लक्ष्य करतात. वास्तविक, स्वकीयांवर उलटू शकणाऱ्या टी पेशी छातीतील थायमस ग्रंथीतच बाद व्हायला हव्यात. पण ही चाळणी निर्दोष नसते. एचएलए जनुकांचे काही प्रकार असल्यास धोका वाढतो. विषाणुसंसर्गाने ठिणगी पडत असावी असा संशय आहे, पण एकच एक कारण सिद्ध झालेले नाही. बेल्जियमचे विली गेप्ट्स यांनी १९६५ मध्ये, निदानानंतर अल्पावधीतच दगावलेल्या रुग्णांच्या स्वादुपिंडांत या बेटांना पडलेला लसिका पेशींचा वेढा दाखवून दिला.

हा संहार मूकपणे, कित्येकदा वर्षानुवर्षे चालतो. त्याची चाहूल रक्तातील प्रतिपिंडांवरून लागते. ही प्रतिपिंडे मारेकरी नव्हेत, साक्षीदार म्हणता येतील. आनुवंशिक धोका असलेल्या ज्या मुलांत अशी दोन किंवा अधिक प्रतिपिंडे आढळली, त्यांपैकी सुमारे ७० टक्के मुलांना दहा वर्षांच्या आत मधुमेह झाल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. सतत तहान, वारंवार लघवी, झपाट्याने घटणारे वजन ही लक्षणे दिसतात तोवर बऱ्याच बीटा पेशी निकामी झालेल्या असतात.

इन्शुलिन सुरू झाल्यावर उरलेल्या पेशींना काही काळ उसंत मिळते आणि औषधाची गरज कमी होते. डॉक्टर याला 'हनिमून' म्हणतात. घरच्यांना मात्र आजार बरा झाल्यासारखे वाटते आणि येथेच घात होतो. हल्ला थांबलेला नसतो. अशा वेळी एखाद्या जडीबुटीच्या भरवशावर इन्शुलिन बंद केल्यास रक्तात कीटोन्स साचून रक्त आम्लधर्मी होते व जीव जाऊ शकतो.

टी पेशींना आवर घालणाऱ्या टेप्लिझुमॅब या औषधाला अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये मान्यता मिळाली. प्रतिपिंडे आढळली आहेत, साखरेचे गणित बिघडू लागले आहे, पण लक्षणे अद्याप नाहीत, अशांसाठी ती होती. चाचण्यांत या औषधाने आजार सुमारे दोन वर्षे लांबवला. आजार कायमचा टळत नाही. पण शाळकरी मुलाच्या आयुष्यात इंजेक्शनाविना दोन वर्षे थोडी नव्हेत.