सावत्र पालकत्व व बालकाचा अनुबंध-विकार

आयुष्याच्या आरंभीच्या वर्षांत घोर उपेक्षा, संस्थेतील वास्तव्य अथवा सांभाळणाऱ्या माणसांची वारंवार अदलाबदल यांपायी ज्या बालकाला कोणा एका प्रौढाशी स्थिर जवळीक जडवता आली नाही, त्याच्या ठायी उद्भवणाऱ्या मनोविकारास अनुबंध-विकार म्हणतात. अशा बालकाच्या आईशी वा वडिलांशी विवाह करून घरात येणाऱ्या व्यक्तीचे पालकत्व हा प्रस्तुत नोंदीचा विषय होय.

मातृसहवासाच्या अभावाचे परिणाम जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविश्लेषकाने जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या १९५१ च्या अहवालात मांडले. अमेरिकन निदानसंहितेत हा विकार १९८० मध्ये दाखल झाला व २०१३ मध्ये त्याचे दोन स्वतंत्र विकार करण्यात आले. एकात मूल मिटून राहते. गुडघा फुटून रक्त आले तरी कोणाकडे धाव घेत नाही आणि उचलून घेतल्यास अंग ताठ करते. दुसऱ्यात ते लग्नाच्या मांडवात कोणाही परक्या पाहुण्याच्या मांडीवर जाऊन बसते व बोलावल्यास त्याच्यासोबत निघूनही जाते.

सावत्र पालकाची खरी फसगत या दुसऱ्या प्रकारात होते. पहिल्याच भेटीत गळ्यात पडलेल्या मुलाने आपल्याला आपलेसे केले, अशा समजुतीने जो हरखून जातो, त्यालाच काही महिन्यांनी शेजाऱ्याला आणि आपल्याला एकाच मापाने मिळणारी ती माया पाहून विषाद वाटू लागतो. वास्तविक तेव्हा प्रेम आटलेले नसते, ते अजून जडायचेच असते. मात्र आईबापांच्या ताटातुटीने वा मृत्यूने शोकाकुल झालेल्या, नव्या माणसाशी अबोला धरणाऱ्या प्रत्येक मुलावर या विकाराचा शिक्का मारणे हा अन्याय आहे. हे निदान विरळा असून ते बालमनोविकारतज्ज्ञानेच करावयाचे असते.

बुखारेस्टमध्ये २००० साली सुरू झालेल्या १३६ अनाथाश्रमवासी बालकांच्या अभ्यासात, कुटुंबात ठेवलेल्या मुलांचे मिटलेपण पुष्कळच ओसरले. परक्यांशी अतिसलगी मात्र चिवटपणे टिकली. सबब ठरल्या वेळी जेवण, त्याच माणसाने घातलेली वेणी, रागावल्यानंतरही न चुकलेला डबा, अशी रोजची खात्री हाच सावत्र पालकाच्या हातचा उपाय होय. ‘आई’ वा ‘बाबा’ म्हणवून घेण्याची घाई त्यात विघ्न आणते. मुलाला बळाने जखडून ‘माया उत्पन्न’ करण्याचा प्रकार घातक असून त्यापायी अमेरिकेत २००० मध्ये एका बालिकेचा मृत्यू ओढवला.

कायद्याने ही जबाबदारी आपोआप मिळत नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाच्या कलम ६ मध्ये नैसर्गिक पालक म्हणून सांगितलेल्या वडील व आई या शब्दांतून सावत्र वडील व सावत्र आई स्पष्टपणे वगळलेले आहेत. दत्तकविधान अथवा न्यायालयाने केलेली नेमणूक यांसारख्या कायदेशीर मार्गावाचून, संगोपन कितीही वर्षांचे असले तरी, पालकत्वाचा हक्क त्यांना प्राप्त होत नाही.