गिटारवादन, अभिजात : उजव्या हाताचे तंत्र

अभिजात गिटारच्या तारा उजव्या हाताच्या बोटांनी छेडण्याची पद्धती. डाव्या हाताची बोटे पडद्यांवर स्वर ठरवतात; त्या स्वराचा जोर, पोत व लय उजव्या हातावर अवलंबून असतात. या वादनात पिक वापरत नाहीत. सतारीवर मिजराब घातलेली तर्जनी दोन्ही दिशांनी आघात करते. गिटारवर मात्र बोट सहसा तळव्याकडेच येते आणि द्रुत सुरावटीतील वेग बोटांच्या आलटापालटीतून साधतो.

बोटांची विभागणी : स्वरलेखनात बोटांच्या स्पॅनिश नावांची आद्याक्षरे वापरतात : अंगठा पी (पुल्गार), तर्जनी आय (इंदिसे), मध्यमा एम (मेदियो) आणि अनामिका ए (अनुलार). करंगळीचा उपयोग क्वचित, मुख्यतः रास्गेआदो या झपाट्याने तारा झंकारण्याच्या प्रकारात होतो. प्राथमिक मांडणीत खर्जाच्या सहाव्या, पाचव्या व चौथ्या तारा अंगठ्याकडे, तर तिसरी, दुसरी व पहिली तार अनुक्रमे तर्जनी, मध्यमा व अनामिका यांच्याकडे असते. एकेरी सुरावटीत मात्र तर्जनी व मध्यमा आळीपाळीने वाजतात. एकच बोट लागोपाठ वापरले की त्याला सैल पडायला अवधी मिळत नाही आणि हात आखडतो.

हाताची ठेवण : कोपराखालचा हात पेटीच्या वरच्या कडेवर टेकतो. मनगट फार वाकवत किंवा बाजूला मुरडत नाहीत, कारण बोटे वाकवणारे स्नायूबंध मनगटातूनच जातात. बोटाची हालचाल प्रामुख्याने त्याच्या मुळाच्या सांध्यातून होते. अंगठा बोटांच्या किंचित पुढे, पडद्यांच्या बाजूला राहतो. त्यामुळे तो तर्जनीवर आदळत नाही.

आघात : प्रत्येक आघाताचे तीन टप्पे असतात : बोट तारेवर टेकणे, तार दाबणे व सोडणे. सोडताक्षणी स्नायू सैल होणे आवश्यक असते. तार बाहेर ओढून सोडल्यास ती पडद्यांवर आपटून खडखडते. पेटीच्या दिशेने किंचित दाबून सोडल्यास तिचे कंपन घोडीमार्फत वरच्या फळीला अधिक जोराने पोहोचते व नाद भरीव होतो. आपोयांदोमध्ये छेडणारे बोट शेजारच्या तारेवर विसावते. सुरावट ठळक करण्यासाठी ते उपयोगी पडते. तिरांदोमध्ये बोट शेजारच्या तारेला स्पर्श न करता तळव्याकडे जाते. त्यामुळे स्वरसंघात व आर्पेजिओ (स्वरसंघातातील स्वर एकामागून एक छेडणे) यांत इतर तारा घुमत राहतात. घोडीजवळ छेडल्यास वरचे स्वरांश वाढून नाद धातूसारखा तीक्ष्ण होतो, तर पडद्यांकडे सरकल्यास तो मऊ होतो.

नखांचा प्रश्न : एकोणिसाव्या शतकात फेर्नांदो सोर (१७७८–१८३९) नखांविना वाजवत, तर दिओनिसिओ आग्वादो (१७८४–१८४९) नखांनी. तरीही दोघे स्नेही होते. सोर यांनी ‘ले द्यू झामी’ (दोन मित्र) हे दोन गिटारांसाठीचे युगुलवादन आग्वादो यांना अर्पण केले. फ्रान्सिस्को तार्रेगा (१८५२–१९०९) यांनी उत्तरायुष्यात नखे सोडली. त्यांचे शिष्य एमिलिओ पुजोल यांनी तोच मार्ग धरला, तर दुसरे शिष्य मिगेल ल्योबेत नखांनी वाजवत राहिले. आंद्रेस सेगोविया (१८९३–१९८७) यांच्या प्रभावाने नख व मांस यांचा संयुक्त आघात रूढ झाला. त्यात तार आधी बोटाच्या मांसल टोकाला लागते आणि मग नखाच्या कडेवरून सुटते. कड खरखरीत असल्यास तो खरखरीतपणा स्वरातही उतरतो. म्हणून नख कानसून अतिबारीक पॉलिशकागदाने गुळगुळीत करतात.

साधना : मावरो जुलियानी यांच्या ‘ओपस १’ मध्ये उजव्या हाताचे १२० पाठ आहेत. त्यांत डाव्या हाताला दोनच सोपे स्वरसंघात दिलेले असल्याने सारे लक्ष उजव्या हाताकडे राहते. मात्तेओ कार्कास्सी यांचे ‘ओपस ६०’ मधील २५ पाठ आणि एतोर व्हिला-लोबोस यांच्या बारा एट्यूडांपैकी पहिली रचना पुढील टप्प्यांवर वाजवतात. तार्रेगा यांची ‘रेकुएर्दोस दे ला आलाम्ब्रा’ ही रचना त्रेमोलोची, म्हणजे एकच स्वर झपाट्याने पुनःपुन्हा छेडण्याच्या प्रकाराची, कसोटी मानली जाते. तिच्यात अंगठा, अनामिका, मध्यमा व तर्जनी या क्रमाने आघात होतात. मध्यमा व अनामिका यांचे स्नायूबंध हाताच्या पाठीमागे परस्परांशी जोडलेले असल्यामुळे ही जोडी स्वतंत्रपणे हलवणे अवघड जाते. म्हणून त्रेमोलो आधी विलंबित लयीत, चारही आघातांमधील अंतर व जोर समान ठेवून बसवतात. ताठ उभी राहिलेली करंगळी, उसळणारा पंजा आणि वर चढलेला खांदा ही अनावश्यक ताणाची चिन्हे होत. ती दिसताच लय उतरवतात.