तळटीप १७ : चौकची ‘हिरवी तार’

१७. चौक : रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यातले, इरशाळगडाजवळचे गाव, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर. पनवेल-कर्जत लोहमार्गावर स्थानक आहे. लेखकाने चौकच्या घरी लिहिलेल्या पत्रातली ‘हिरवी तार’ म्हणजे तांब्याची तार नव्हे. ती गाभ्यात किंचित एर्बियम मिसळलेली, केसाएवढी बारीक काचेची तार. एर्बियम हे ‘दुर्मिळ मृदा’ गटातले मूलद्रव्य. नाव फसवे आहे, कारण भूकवचात ते चांदीपेक्षा अधिक सापडते.

साध्या काचतंतूतून १०० किलोमीटर गेलेल्या प्रकाशाचा जेमतेम शंभरावा हिस्सा उरतो. तो वाढवण्यासाठी मध्ये एर्बियमच्या तारेचा काही मीटरांचा तुकडा जोडतात आणि त्यात ९८० नॅनोमीटरचा लेसर सोडतात. एर्बियमचे आयन ती ऊर्जा घेतात व सुमारे १० मिलिसेकंद धरून ठेवतात. अणूंच्या हिशेबात हा फार मोठा काळ. तेवढ्यात १५५० नॅनोमीटरच्या आसपासचा संदेश आला, की ते त्याच्याच जातीचा प्रकाश सोडतात आणि संदेश बळावतो. असा वर्धक १९८७मध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन यांच्या गटाने दाखवला. काही काचांत सोबत यटर्बियमही घालतात. ते लेसरचा प्रकाश अधिक जोमाने शोषते आणि ऊर्जा शेजारच्या एर्बियमला परस्पर देते.

संदेश अवरक्त असल्याने डोळ्यांना दिसत नाही. लेखकाला दिसलेला हिरवा उजेड वेगळा : आधीच उत्तेजित झालेल्या आयनाला आणखी ऊर्जा मिळाली, की तो वरच्या पातळीवर चढतो आणि तिथून उतरताना हिरवा प्रकाश देतो. वर्धकाच्या दृष्टीने ती गळतीच, पण पत्रातले वर्णन अचूक आहे.