गोठलेल्या वाटेवरची सायकल

श्रोतेहो, सायकल ही आपल्या खेड्यापाड्यांत काही नवलाईची वस्तू नाही. दुधाची किटली अडकवून तालुक्याला जाणारा गडी आणि पाठीला दप्तर लावून शाळा गाठणारी मुलगी आपण रोज पाहतो. पण जिथे नदी गोठते आणि समुद्राचा काठही पांढरा पडतो, अशा शहरांत भर हिवाळ्यात माणसे सायकलीवरून कामाला जातात, असे सांगितले तर ते चटकन खरे वाटणार नाही. हे कसे साधले, त्याचीच हकिगत आज सांगायची आहे.

फिनलंड देशात, बोथनियाच्या आखाताकाठी, ओउलु नावाचे शहर आहे. ते १६०५ साली वसले. तिथून उत्तर ध्रुववृत्त सुमारे १७० किलोमीटर. जानेवारीत तिथले तापमान सरासरीने शून्याखाली १० अंशांच्या आसपास असते, आणि डिसेंबरच्या अखेरीस सूर्य जेमतेम साडेतीन तास दर्शन देतो. अशा या शहराने १९७० च्या दशकापासून मोटारींच्या रस्त्यांखेरीज पायी चालणाऱ्यांसाठी व सायकलवाल्यांसाठी निराळ्या वाटा बांधण्याचे काम नेटाने चालवले. आज या वाटांची लांबी ९०० किलोमीटरांहून अधिक भरते. मोठा रस्ता आडवा आला की वाट त्याच्या खालून जाते, आणि अंधार फार म्हणून वाटेवर दिवे असतात.

आता तुम्ही म्हणाल, थंडीचे काय? खरे सांगायचे तर थंडी हा सायकलवाल्याचा मोठा शत्रू नव्हेच. अंगात लोकर, हातात मोजे, आणि पाय चालू लागले की ऊब आपोआप येते. शत्रू आहे तो निसरडेपणा. इथे एक भेद ध्यानात घ्या. आकाशातून पडते ते भुसभुशीत हिम. ते दाबून घट्ट केले आणि हवा चांगली गार राहिली, तर त्यावर चाक बऱ्यापैकी धरून राहते. पण तापमान शून्याच्या आगेमागे घोटाळू लागले, की दुपारी हिम वितळते, त्यात चाकांच्या चाकोऱ्या पडतात आणि रात्री त्या जशाच्या तशा दगडासारख्या गोठतात. सकाळी पुढचे चाक त्या चाकोरीत अडकले की स्वार आडवा झालाच म्हणून समजा! नितळ बर्फावर पाण्याचा पातळ थर असला, तर शेवाळलेल्या घाटाच्या पायरीसारखी गत होते. म्हणजे पहा, शून्याखालच्या १० अंशांपेक्षा शून्य अंशच अधिक घातक!

म्हणून ओउलुत सगळे हिम खरवडून काढण्याचा अट्टहास धरीत नाहीत. ते दाबून सपाट करतात आणि वर बारीक खडी पसरतात. कडाक्याच्या थंडीत मिठाचा फारसा उपयोग होत नाही. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो हे खरे, पण त्यालाही मर्यादा असते. काहीजण बारीक पोलादी खिळ्यांचे टायरही बसवतात.

स्वीडनच्या दक्षिण भागात मात्र हवा शून्याच्या आसपास खेळत राहते, त्यामुळे तिथला प्रश्न निराळा. मोटाररस्त्यावर टाकलेले मीठ जड चाकांखाली चेंगरून हिमात मिसळते. सायकल बिचारी हलकी. तिच्या चाकाने ते मिसळत नाही. शिवाय नांगरासारख्या पात्याने हिम लोटले तरी पातळ थर मागे राहतो आणि तोच पुढे बर्फ बनतो. या अडचणीवर लिन्शॉपिंग शहरात २००० सालाच्या सुमारास प्रयोग झाले. गाडीच्या पुढे फिरता मोठा ब्रश लावायचा, आणि मागून मिठाचे पाणी शिंपडायचे. वाट काळीभोर, कोरडी निघू लागली. पुढे स्टॉकहोमनेही आपल्या मुख्य सायकलवाटांवर ही रीत उचलली.

परंतु यंत्र आले म्हणजे सगळे झाले असे नाही. यंत्र आधी कोणत्या वाटेवर धाडायचे, हा प्रश्न उरतोच. स्वीडनमधल्या कार्लस्कूगा गावाच्या कारभाऱ्यांनी २०११ साली याचा विचार केला. तोवर पद्धत अशी, की आधी मोठे रस्ते, मग बाकीचे, आणि शेवटी पाऊलवाटा व सायकलवाटा. चौकशी करता दिसले, की मोटारी बहुतेक पुरुष चालवतात, तर पायी, सायकलने किंवा बसने जाणाऱ्यांत बायका अधिक. वीतभर हिमातून मोटार जाते, पण बाबागाडी ढकलणाऱ्या आईचे काय? आणि हात-पाय मोडून दवाखान्यात येणाऱ्यांत पायी चालणारेच पुष्कळ असत. तेव्हा क्रम उलटा केला. बालवाड्यांकडे जाणाऱ्या वाटा, पाऊलवाटा आणि सायकलवाटा आधी, मोठे रस्ते मागाहून.

यावर वादही झाला. नोव्हेंबर २०१६ मध्ये स्टॉकहोमला अवेळी प्रचंड हिम पडून शहर ठप्प झाले, तेव्हा टीकाकारांनी या नव्या क्रमावरच बोट ठेवले. तयारी अपुरी असेल, तर चांगले धोरणही बदनाम होते, हा त्यातला धडा.

पण तयारी असली म्हणजे काय होते, ते ओउलुच्या मेत्सोकांगास शाळेत दिसते. २०१८ साली या शाळेची बातमी जगभर गेली. शून्याखाली १७ अंशांच्या सकाळी, सुमारे १२०० मुलांपैकी १००० च्या आसपास मुले सायकलीवरून शाळेत आली होती. ही मुले काही जगावेगळी शूर नव्हेत. वाट झाडलेली आहे, दिवा लागलेला आहे, मोटार अंगावर येणार नाही, एवढे आईबापांना ठाऊक असते म्हणून ती येतात. हिवाळी सायकलप्रवासाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ साली याच शहरात भरली, ती उगीच नव्हे.

आपल्याकडे बर्फ नाही, चिखल आहे. म्हणून शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. पाऊस सरला की मुलांकडून गावाचा नकाशा काढून घ्या. शाळेची वाट, पाणवठ्याची वाट, बाजाराचा रस्ता त्यात दाखवा, आणि यांतली कोणती आधी दुरुस्त होते, ते मुलांना विचारा. उत्तर आले, की तो नकाशा ग्रामसभेत जरूर मांडा.